स्टोरेज व्हर्च्युअलायझेशन नोडची ओएस बदलायची आहे, ड्रायव्हर अडलाय – मदत हवी

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे स्टोरेज व्हर्च्युअलायझेशनची (वेगवेगळे डिस्क ॲरे एकच साठा म्हणून दाखवणारं सॉफ्टवेअर) दोन नोडची, म्हणजे दोन सर्व्हरची, जोडी आहे. मागे दोन वेगळ्या जातीचे डिस्क ॲरे, पुढे फायबर चॅनलवर (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) काही विंडोज, काही लिनक्स होस्ट, म्हणजे हा साठा वापरणारे सर्व्हर. डेटा दोन्ही नोडवर सिंक्रोनस मिरर होतो (प्रत्येक बदल एकाच वेळी दोन्हीकडे लिहिला जातो), म्हणजे एक नोड गेला तरी होस्टला पत्ता लागू नये. सॉफ्टवेअर कुणाचं ते मुद्दाम लिहीत नाही, त्या वादात पडायचं नाहीये.

दुखणं नोडच्या ओएसचं. दोन्हीकडे विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला आणि पैसे भरून मिळणारे पॅचही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तिथून थेट २०२२ वर इन-प्लेस अपग्रेड (आहे त्याच ओएसवर नवी चढवणं) होत नाही, २०१९ वर होतं. म्हणून २०१९ ठरवलं.

चाचणीला दोन सुटे सर्व्हर घेतले. जुन्यावर इन-प्लेस अपग्रेड केलं, टार्गेट मोडचा ड्रायव्हर (ज्यामुळे नोड होस्टला डिस्क ॲरेसारखा दिसतो) निमूट लोड झाला, लनही (होस्टला दिसणाऱ्या डिस्क) दिसले. नव्यावर कोरं २०१९ टाकलं. इन्स्टॉलर तोच, एचबीए (फायबर चॅनलची कार्डं) तेच, फर्मवेअर तेच. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ५२, म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही.

सॉफ्टवेअरच्या व्हेंडरच्या कंपॅटिबिलिटीच्या यादीत (कोणतं व्हर्जन कोणत्या ओएसवर चालतं) आमच्या व्हर्जनपुढे २०१९ नाहीच, हे नंतर पाहिलं. आधी पाहायला हवं होतं, मान्य. पण मग एकीकडे चालतं आणि दुसरीकडे नाही, हे कसं? प्रॉडक्शनलाही इन-प्लेस करून मोकळं व्हावं का?

केबलवाला:
इन-प्लेस की कोरं, एवढाच मुद्दा बहुधा नसावा. जुना सर्व्हर लेगसी बायोसवर आणि नवा यूईएफआयवर (बायोसची नवी पिढी), सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू, असं आहे का? विंडोज १० च्या १६०७ पासून (सर्व्हर २०१६ त्याच पिढीतला) सिक्युअर बूट चालू असेल तर नवा कर्नल ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून सही होऊन आलेला लागतो. २९ जुलै २०१५ च्या आधी दिलेल्या सर्टिफिकेटची सही असेल किंवा मशीन जुन्या विंडोजवरून अपग्रेड केलेलं असेल तर सूट आहे. ड्रायव्हरच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब उघडून बघा.

सिक्युअर बूट बंद केलंत तर कोड ५२ जाईल. पण तेवढ्यावर प्रॉडक्शनला हात घालू नका. ड्रायव्हर लोड होणं वेगळं आणि तो त्या ओएसवर तपासलेला असणं वेगळं. दोन्ही नोड उभे असताना सगळं चालतंच हो. एक पडतो, दुसरा भार उचलतो, पहिला परत येऊन रिसिंक (मधल्या काळातला डेटा पुन्हा जुळवणं) सुरू होतं, तेव्हा कळतं काय ते. आणि तिथे अडलात की सपोर्टवाल्यांचा पहिला प्रश्न 'ओएस कोणती?' हाच.

धागाकर्ता:
अगदी तसंच निघालं, जुना लेगसी बायोसवरच आहे. आता दोन्ही चाचणी नोड कोऱ्या २०१९ वर घेऊन सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं, ड्रायव्हर लोड होतोय. पण नवीन पीडा. फेलओव्हर केला (एक नोड बंद करून भार दुसऱ्यावर टाकला) तर विंडोज होस्ट सुखरूप, लिनक्स होस्टची फाइलसिस्टम रीड-ओन्ली! जुन्या व्हर्जनवर हाच होस्ट हीच चाचणी पास झाला होता. लिनक्सवरच्या मल्टिपाथच्या (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक पाथ सांभाळणारा भाग) कॉन्फिगला तर मी हातही लावलेला नाही.

पाथभ्रष्ट:
हात लावला नाहीत म्हणूनच! त्या फाइलमधला डिव्हाइसचा भाग, लन स्वतःचं जे व्हेंडर आणि प्रॉडक्ट नाव सांगतो, त्यावर जुळतो. नव्या व्हर्जननं ते नाव बदललं असेल तर तुमची सेटिंग लागूच होत नाहीत, डीफॉल्ट लागतात. आणि डीफॉल्टमध्ये सगळे पाथ गेले की लिहिण्या-वाचण्याच्या मागण्यांची रांग लावत नाहीत, थेट एरर वर पाठवतात. दुसऱ्या नोडचे पाथ सक्रिय होईपर्यंतचे काही क्षण तेवढ्याला पुरतात.

'मल्टिपाथ -एलएल' चालवून नाव ताडून बघा. 'नो पाथ रिट्राय' (पाथ नसताना किती वेळा पुन्हा बघायचं) १२ ठेवलंत तर पाच सेकंदांच्या पोलिंगनं साधारण मिनिटभर दम धरेल. कायमची रांग लावू नका, स्टोरेज खरंच गेलं तर प्रोसेस लटकून बसतात. सॅनवरून (स्टोरेजच्या नेटवर्कवरून) बूट असेल तर इनिट्रॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइलसिस्टम) पुन्हा बनवा. तिथे कॉन्फिगची जुनी प्रत दडून बसते, माझी एक अख्खी रात्र त्यात गेली आहे.

धागाकर्ता:
नावात एकच शब्द बदलला होता. दुरुस्त करून भार असताना तीनदा फेलओव्हर केला, तिन्ही वेळा ठीक. दोघांचे आभार!

शेवटची गाठ. नव्या व्हर्जनच्या यादीत २०१२ आर२ नाही, जुन्याच्या यादीत २०१९ नाही. प्रॉडक्शनमध्ये एक नोड जुना, एक नवा, हा मधला काळ काढायचा कसा?

केबलवाला:
दोन्ही ओएस ज्याच्या यादीत आहेत असं मधलं व्हर्जन शोधा. आधी दोन्ही नोड त्यावर, मग एकेका नोडची ओएस, शेवटी नवं व्हर्जन. वेगळ्या व्हर्जनच्या नोडमध्ये मिरर चालतो का, हे व्हेंडरकडून लेखी घ्या. आणि नोड उतरवण्याआधी बॅकअप रिस्टोअर करून बघा, कारण तेवढा वेळ डेटा एका पायावर उभा असतो.

धागाकर्ता:
व्हेंडरला मेल टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो.