किंडर स्काउट: माथ्यावरून आडवं जाऊ नका

नमस्कार मंडळी,

मेअखेरच्या हाफ टर्मच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये, एडेल गावी तंबू ठोकतोय. एक दिवस तिथल्या किंडर स्काउट या पठारी डोंगरासाठी ठेवलाय. मुलं आठ आणि अकरा वर्षांची, सोबत कुत्रा. नकाशात माथा सपाट दिसतो, म्हणून मधून आडवं जाऊन ६३६ मीटरचा सर्वोच्च बिंदू गाठावा असं यांचं म्हणणं. राजगड-तोरणा केलाय, त्यामुळे यांना काळजी वाटत नाही. कुणी गेलंय का?

(डर्बी)

---

ताई,

जरूर जा, पण मधून आडवं जायचा बेत सोडा. वर सगळं पीट आहे, हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा काळा, ओला थर. पाण्याने त्यात वेड्यावाकड्या घळी पाडल्यात. एकीत उतरलात की पुढचं दिसत नाही, वर आलात की समोर दुसरी. राजगड-तोरण्याला धुक्यातही धार धरून चालता येतं. इथे धरायला काहीच नाही. आणि तो ६३६ मीटरचा बिंदू चिखलातच कुठेतरी आहे. त्यापेक्षा माथ्याच्या कडेवरचा किंडर लोचा ६३३ मीटरवरचा सर्वेक्षणाचा खांब गाठा.

एडेलहून अपर बूथ, जेकब्ज लॅडरच्या दगडी पायऱ्या, किंडर लो, मग दक्षिण कडेने वुलपॅक्समधून पुढे आणि ग्राइंड्सलो नॉलवरून खाली. साधारण तेरा-चौदा किलोमीटर. वुलपॅक्सला घाई करू नका, वाऱ्यापावसाने घासलेल्या त्या अजस्र गोल दगडांतून मुलं हलणार नाहीत.

मधून तुडवत न जाण्याला आणखी एक कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आजूबाजूच्या औद्योगिक शहरांच्या धुराने इथलं शेवाळ मेलं, पीट उघडं पडून वाहून जाऊ लागलं. आता घळींना छोटे बांध घालून स्फॅग्नम शेवाळ पुन्हा लावलं जातंय. ते जगायला हवं.

कुत्रा पट्ट्यावरच ठेवा. खुल्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै हा कायदाच आहे, कारण टिटव्या आणि प्लव्हरसारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. वर स्टोव्हही नको, वाळलेलं पीट आतून धुमसत राहतं. चहा थर्मासमधून.

(शेफील्ड)

---

ताई,

वरच्या मेलशी पूर्ण सहमत. मुलांना जाण्याआधी एक गोष्ट मात्र सांगाच. पूर्वी हा माळ खासगी होता, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन आणि शेकडो तरुण कामगार पलीकडच्या हेफील्डकडून मुद्दाम बंदी मोडून वर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आज आपण कुणाला न विचारता तिथे फिरतो. मुक्काम मात्र खालीच, वर तंबू लावायला जमीनमालकाची परवानगी लागते.

मँचेस्टर-शेफील्ड मार्गावरच्या थांबत जाणाऱ्या गाड्या एडेलला थांबतात. तुमचा दिवस ठरला की कळवा, आम्ही दोघं सकाळच्या गाडीने येऊ.

(मँचेस्टर)