नवा अपर जुन्या लोअरवर घट्ट बसतो, मागची पिन आत जात नाही

प्रश्न (नवा_नेमबाज)

माझ्याकडील एआर-१५ धर्तीच्या रायफलीच्या लोअर रिसीव्हरवर (चाप असलेल्या खालच्या सांगाड्यावर) मी दुसऱ्या उत्पादकाचा नवा अपर रिसीव्हर (वरचा सांगाडा) बसवू पाहत आहे. पुढची पिव्होट पिन बोटाच्या दाबाने आत जाते आणि अपर बिजागरीसारखा नीट फिरतो. परंतु तो खाली मिटवला की मागची टेकडाउन पिन निम्म्यावर अडते आणि तिथून पुढे सरकत नाही. अपर दोन्ही हातांनी जोरात दाबून धरला तरी मागच्या बाजूला दोन रिसीव्हरांमध्ये केसभर फट राहते. जुना अपर याच लोअरवर विनातक्रार बसत असे, मात्र मधल्या काळात मी बफर ट्यूब (लोअरच्या मागे फिरवून बसवलेली, बफर हा धक्का झेलणारा भाग व त्याची स्प्रिंग सामावणारी नळी) बदलून घेतली आहे. हातोडीने पिन ठोकावी, भोक किंचित मोठे करावे, की अपर परत करावा, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १ (लेथवाला)

भोकाला हात लावू नका. पिनेचा व्यास पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी असतो आणि दोन्ही रिसीव्हरांची भोके त्या मापाला अगदी जवळची ठेवलेली असतात. एकदा कानस किंवा रीमर (भोक रुंदावणारे हत्यार) फिरवला की सैल झालेले भोक पुन्हा घट्ट करण्याचा सोपा उपाय उरत नाही. शिवाय हे रिसीव्हर बहुधा ७०७५-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्यावर हार्ड ॲनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने तयार केलेल्या ऑक्साइडचा) साधारण ०.०५ मिमी जाडीचा थर असतो. तो थर अतिशय कठीण असून खालचा धातू त्या मानाने मऊ आहे, त्यामुळे थर खरवडला की झीज तिथूनच सुरू होते.

याच थरामुळे नवे भाग घट्ट लागतात, हेही लक्षात घ्यावे. थराची सुमारे निम्मी जाडी मूळ पृष्ठभागाच्या वर वाढते, म्हणून भोकाच्या दोन्ही बाजू धरल्या तर त्याचा व्यास तेवढ्यानेच ०.०५ मिमीच्या आसपास कमी होतो. यंत्रकाम करताना ही घट हिशेबात धरलेली नसेल, तर पिन अडणारच. असा घट्टपणा वंगण लावून काही काळ उघडझाप केल्यावर बहुतेक वेळा आपोआप निवळतो. परंतु तुमच्याकडे मागे फट राहते आहे आणि ती केवळ भोकाच्या मापामुळे राहत नाही. अपर पूर्ण खाली येण्याआधीच कुठेतरी टेकतो आहे. तो कुठे टेकतो हे कळेपर्यंत हातोडी दूरच ठेवावी.

प्रतिसाद २ (मैदानावरचा)

इतकी चिंता कशाला? घट्ट बसलेली रायफल नेम चांगला धरते. नायलॉनच्या पंचाने पिन ठोकून घ्यावी आणि पुढे जावे.

प्रतिसाद ३ (जुना_आर्मरर)

वरील मताशी मी सहमत नाही. रायफलीची नळी (बॅरल) आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) अपरमध्येच असतात आणि दुर्बीणही बहुतेक वेळा त्याच्याच रेलवर बसवलेली असते, म्हणून अपर-लोअरमधील सांधा थोडा सैल असला तरी गोळीच्या नेमावर त्याचा परिणाम नगण्य असतो. दस्ता आणि चाप लोअरवर असल्यामुळे खडखड हाताला जाणवते व काहींना ती खटकते, इतकेच. त्यामुळे केवळ नेमासाठी घट्टपणा जपण्यात अर्थ नाही, आणि फट असताना पिन ठोकल्यास भोकाच्या कडा दुमडण्याचा धोका मात्र खरा आहे.

आता तपासणीकडे वळू. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतील काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून रिकामे असल्याची खात्री करा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यानंतर अपरमधून बोल्ट कॅरियर (बोल्ट ज्यात बसतो तो सरकता भाग) आणि चार्जिंग हँडल (तो मागे ओढण्याची मूठ) बाहेर काढा व लोअरचा हॅमर (चाप ओढल्यावर आघात करणारा भाग) मागे ओढून अडकवून ठेवा. रिकामा अपर सहज मिटत असेल आणि कॅरियर घातल्यावरच अडत असेल, तर दोष रिसीव्हरांत नसून आतल्या सुट्या भागांत आहे.

रिकामा अपरही अडत असेल, तर तो बाजूला ठेवून दोन्ही पिना नुसत्या लोअरमध्ये सरकवून पाहा. मागची पिन तिथेही जड जात असेल, तर डिटेंट (पिनेला जागेवर धरणारी छोटी खिट्टी) आणि त्याची स्प्रिंग तपासावी. लोअरच्या मागे बफर ट्यूबभोवती बसणारी एंड प्लेट (पातळ पट्टी) आवळताना ही बारीक स्प्रिंग वाकण्याची शक्यता असते, आणि तुम्ही ट्यूब नुकतीच बदललेली आहे. पिना लोअरमध्ये मोकळ्या असतील, तर अपर बसवून एका वेळी एकच पिन घाला. दोन्ही पिना स्वतंत्रपणे सहज जातात पण एकत्र जात नाहीत, असे घडले तर भोकांमधील अंतर जुळत नाही आणि तो दोष घरी सुधारण्याचा नव्हे. अपर परत करावा. पुढची पिन काढून टाकल्यावरही मागची जात नसेल, तर अडथळा मागच्या भागात आहे.

तो नेमका शोधण्यासाठी अपरचा मागचा कान (पिनेचे भोक असलेला, खाली आलेला भाग) आणि मागची गोलाकार कड मार्करने रंगवा, अपर हलकेच मिटवा आणि उघडून पाहा. जिथे रंग खरवडला गेला, तिथे स्पर्श होतो आहे. काही लोअरमध्ये मागच्या कानाखाली नायलॉनच्या टोकाचा एक छोटा स्क्रू असतो, पिस्तुल-ग्रिप काढल्यावर तो दिसतो. तो वर चढलेला असेल तर खाली घ्यावा. खडखड थांबवण्यासाठी मागचा कान बसतो त्या खोबणीत कोणी रबराचा तुकडा बसवला असेल, तर तोही काढून पाहावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (नवा_नेमबाज)

सांगितल्याप्रमाणे तपासले. रिकामा अपरही अडतो. नुसत्या लोअरमध्ये दोन्ही पिना मोकळ्या सरकतात, परंतु अपर बसवल्यावर पुढची पिन काढूनसुद्धा मागची जात नाही. कानावरचा रंग शाबूत आहे. अपरच्या मागच्या कडेवर मात्र अर्धचंद्राकृती पट्ट्यात तो निघून गेला आहे, आणि ती जागा बरोबर बफर ट्यूबच्या तोंडासमोर येते.

प्रतिसाद ४ (जुना_आर्मरर)

मग ट्यूब गरजेपेक्षा एक फेरा अधिक आत गेलेली आहे. कॅसल नट (ट्यूब व एंड प्लेट आवळून धरणारा खाचांचा नट) सैल करा, एंड प्लेट थोडी मागे घ्या आणि ट्यूब एक फेरा उलटी फिरवा. एंड प्लेट मागे सरकताच मागच्या पिनेची स्प्रिंग बाहेर येते, म्हणून तिच्यावर बोट ठेवा. बफर व त्याची मोठी स्प्रिंग आधीच काढून ठेवावी. ट्यूबची पुढची कड बफर रिटेनरला (बफर पुढे येऊ न देणाऱ्या स्प्रिंगवरच्या छोट्या पिनेला) खाली धरून ठेवण्याइतकी पुढे राहिली पाहिजे. ती त्याहून मागे गेली तर रिटेनर उसळून बाहेर पडतो. एका फेऱ्यानंतर रिटेनर सुटत असेल आणि फेरा न घेता अपर मिटत नसेल, तर ती ट्यूबच या लोअरला जुळणारी नाही आणि अपरला दोष देण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (नवा_नेमबाज)

एक फेरा मागे घेतल्यावर रिटेनर जागेवर राहिला आणि फट नाहीशी झाली. टेकडाउन पिन आता अंगठ्याने थोडा जोर दिला की जाते. तेवढा घट्टपणा तसाच राहू द्यावा का?

प्रतिसाद ५ (लेथवाला)

राहू द्यावा. पिनेला ग्रीसचे एक बोट लावा. हा उरलेला घट्टपणा थराचा आहे आणि वापरात कमी होईल. कॅसल नट मात्र पुन्हा पुरेसा आवळून एंड प्लेटची कड त्याच्या खाचेत ठोकून बसवायला विसरू नका, नाहीतर ट्यूब फिरून पुन्हा जागा सोडेल.