‘पश्चात्ताप करा’ हे भाषांतर चुकलंय का?

गोदाकाठ (पैठण): मराठी बायबलात मत्तय ३:२ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडी आलेला ‘पश्चात्ताप’ काढून टाकायला हवा. मूळ ग्रीक शब्द मेटानोइया. मेटा म्हणजे पालट, नूस म्हणजे मन. रडण्याशी संबंधच नाही. २ करिंथ ७:१० मध्ये तर दुःख वेगळं आणि त्यातून निघणारी मेटानोइया वेगळी. आपल्याकडं उपासनेत डोळे पुसले की झालं, असं लोक धरून बसलेत.

जालन्याहून: भाऊ, शब्द फोडून अर्थ काढायची ही खोड सोडा. लूक १७:४ उघडा. भाऊ दिवसातून सात वेळा येऊन ‘मेटानोओ’ (त्याच शब्दाचं क्रियापद) म्हणतो. सात वेळा मन पालटतं का? तिथं अर्थ सरळ ‘माझं चुकलं’. आणि मत्तय ११:२१ मध्ये सोर-सीदोन या शहरांची मेटानोइया गोणपाटात आणि राखेत, म्हणजे शोकाच्या खुणांसह आहे. ‘संबंधच नाही’ हे कशाच्या जोरावर?

गोदाकाठ: लूक १७:४ मान्य. पण मत्तय २७:३ मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाला जे होतं त्याला मेटामेलोमाय (पस्तावा होणं) म्हटलंय, दुसरंच क्रियापद. आणि फोड माझी एकट्याची नाही, १५१८ मध्ये धर्मसुधारक लूथरनं आपले वडीलधारे मार्गदर्शक श्टाउपित्स यांना लिहिलेल्या पत्रात हीच केलीय.

अंबडकर: हा सगळा घोळ मोबाइलच्या ॲपचा. स्ट्राँगच्या शब्दसूचीत या क्रियापदाचा क्रमांक ३३४०, त्यावर बोट ठेवलं की प्रवचन तयार! ही सूची १८९० ची, किंग जेम्स या इंग्रजी बायबलातला शब्द कुठं कुठं आलाय ते शोधायला केलेली. क्रमांकाखाली चार-पाच अर्थ असतात, त्यातला सोयीचा उचलतात, नाहीतर सगळे एकाच ओळीवर लादतात. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्येच यावर झोड उठवली होती.

लातूरची ताई: ॲपवर राग काढू नका. खेड्यातल्या पाळकाला ग्रीक शिकवायला कोण येतं? त्याच्या हाती तेवढंच आहे.

अंबडकर: ताई, सूची वापरावीच, पण पुढं जावं. क्रियापद मेटानोएओ (‘मेटानोओ’चंच मूळ रूप) नव्या करारात ३४ वेळा, नाम मेटानोइया २२ वेळा. एका दुपारचं काम. प्रत्येक ठिकाणी बघायचं: कर्ता कोण, कशापासून फिरतोय, पाठोपाठ काय करतोय. मग सेप्टुआजिंट, म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर. तिथं मेटानोएओ बहुधा हिब्रू ‘नाहम’साठी (खेद होणं, ठरवलेलं बदलणं) येतं. संदेष्ट्यांच्या ‘शूब’ला, म्हणजे माघारी फिरण्याला, सहसा एपिस्ट्रेफो. योना ३:१० मध्ये तर मेटानोएओचा कर्ता देवच आहे.

गोदाकाठ: मग माझंच खरं! देव तिथं रडला नाही, ठरवलेलं बदललं.

जालन्याहून: एका ओळीवर उड्या मारू नका. तोच ‘नाहम’ उत्पत्ती ६:६ मध्ये आहे आणि लगेच पुढं देवाच्या मनाला झालेलं दुःख आहे. मूळ शब्दात दोन्ही मुरलेलं असताना तुम्ही अर्धंच ठेवता.

लातूरची ताई: सूचीवाल्या पाळकांचा विषय तसाच राहिला. अंबडकर, एखाद्या पाळकाला बसवून हे शिकवा, मग बोला.

अंबडकर: शिकवतो. कुणीही यावं, वही घेऊन.

गोदाकाठ: ‘संबंधच नाही’ हे मागे घेतो. पण तळटीप हवीच. नुसता ‘पश्चात्ताप’ वाचला की आपला माणूस हळहळीवरच थांबतो.

जालन्याहून: तळटीप टाका, माझी ना नाही. पण तिच्यात ‘मन + पालट’ लिहू नका, लूक ३:११ लिहा. मेटानोइयेला शोभणारी फळं द्या म्हटल्यावर लोक विचारतात, आम्ही काय करावं? योहानाचं उत्तर येतं: दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या.