गोव्यात फर्मागुडीला ठोकलेली गाडी: सोसायटीच्या ग्रुपवर

रविवार

वृंदा नाईक (ए-३०१): नमस्कार. माझी गाडी गेटच्या उजव्या बाजूला उभी आहे. कृपा करून वॉचमनला ती ढकलायला सांगू नका. डिकी उघडत नाही, मागचा बंपर लोंबतोय. दुपारी फर्मागुडीला स्पीडब्रेकरवर गाडी हळू केली आणि मागून भाड्याच्या गाडीने ठोकलं. आत चार पर्यटक, सावईवेऱ्याला मसाल्याची बाग बघायला निघालेले. हे शिपवर आहेत, फोन लागत नाही. पुढे काय करायचं ते जाणकारांनी सांगा.

शांता मावशी (ए-१०१): अगो बाय, पोर होती ना गाडीत? लागलं नाही ना तिला?

वृंदा नाईक: नाही मावशी, ती बरी आहे. माझी मान थोडी आखडली आहे.

डॉ. केणी (सी-१०२): मान आखडली म्हणून घरी तेल चोळत बसू नकोस. मागून धक्का बसला की दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं. आजच उपजिल्हा इस्पितळात जाऊन ये, अपघात झाला असं सांग आणि केसपेपर जपून ठेव.

देसाई सर (बी-३०३): पंचनामा झाला का?

सावंत (बी-२०२): सगळे सुखरूप आहेत हे महत्त्वाचं. गाडीचा मालक माझ्या ओळखीतला आहे, माणूस चांगला आहे. खर्च देतो म्हणतो. गणपतीची चवथ तोंडावर आली आहे, उगाच पोलीस स्टेशनच्या फेऱ्या कशाला? आपसात मिटवावं असं माझं मत.

वृंदा नाईक: सावंत भावोजी, तो तुमच्या ओळखीचा हे मला आत्ता कळतंय. त्या मुलांनी त्याला फोन लावून दिला तेव्हा तो पाच हजार देतो म्हणाला. पाच हजारांत नुसता बंपरसुद्धा येत नाही.

रोहन (ए-२०३): ताई, फोटोत त्या गाडीची नंबरप्लेट पांढरी दिसते. रेंट-अ-कारची प्लेट काळी असते, वर पिवळी अक्षरं. ही तर खासगी गाडी.

सेक्रेटरी: ग्रुपवर दुसऱ्याच्या गाडीचा नंबर दिसेल असा फोटो टाकू नये. कृपया काढावा.

वृंदा नाईक: काढते. पोलिसांना मात्र देणार आहे.

बोरकर (सी-३०१): उद्या सकाळी ७ वाजता मंडपाचे बांबू घेऊन टेंपो येतोय. गाडी गेटजवळ राहिली तर टेंपो आत येणार कसा? हे कुणाला सुचलं का?

देसाई सर: पंचनामा झाला का?

रोहन: बोरकर काका, बांबू आपण पोरं हाताने आत आणू. १० मिनिटांचं काम आहे.

बोरकर: मागच्या वर्षी गेट माझ्या स्कूटरवर पडलं, तेव्हा १० मिनिटांसाठी कुणी खाली उतरलं नव्हतं. अजून एक रुपया मिळालेला नाही.

सेक्रेटरी: बोरकर, तो विषय सर्वसाधारण सभेत झालेला आहे. ठराव इतिवृत्तात आहे.

बोरकर: ठराव आहे, पैसे नाहीत.

प्रभू काका (बी-१०१): जरा मला लिहू द्या. माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली, म्हणून सांगतो. वृंदा, आज रात्रीच तुझ्या कंपनीला फोन करून क्लेम नोंदव आणि क्लेमचा नोंदणी क्रमांक घे. दुसऱ्या गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव क्लेम फॉर्मवर लिहायला विसरू नकोस. तुझ्या कंपनीने तुला पैसे दिले की त्यांना ते समोरच्याकडून वसूल करता येतात, पण समोरचा कोण हे कागदावर हवं. सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत गाडीचा एक स्क्रूसुद्धा काढू द्यायचा नाही. आणि त्या माणसाने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं नाही. एकदा लिहून दिलंस की कंपनीचा वसुलीचा हक्क जातो आणि मग तुझाच क्लेम अडतो.

सावंत: काका, तुम्ही उगाच घाबरवताय पोरीला. माणूस पैसे द्यायला तयार आहे.

प्रभू काका: किती? आणि कशाच्या हिशेबाने? डिकी उघडल्याशिवाय आतला पत्रा किती बसलाय हे गॅरेजवाल्यालाही कळत नाही.

देसाई सर: मी तिसऱ्यांदा विचारतो, पंचनामा झाला का? माझ्या मुलाच्या वेळी समोरचा दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी तिथे नव्हतोच. आमच्याकडे कागद नव्हता.

वृंदा नाईक: सर, नाही झाला. पाऊस होता, मागे गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे फोटो काढून गाडी हलवली. दोन्ही गाड्या, नंबरप्लेट, स्पीडब्रेकर, चालकाचं लायसन्स, सगळ्याचे फोटो आहेत.

देसाई सर: मग उद्या ९ वाजता मी तुझ्याबरोबर पोलीस स्टेशनला येतो. तक्रार दे, जागा दाखव. अपघात घडला की पोलिसांना आणि आपल्या विमा कंपनीला कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचं काम आहे. त्या मुलांनी कळवलं नाही, आपण कळवू.

शांता मावशी: सावंता, एक विचारू? तो गाडीवाला तुझा मेव्हणा नव्हे? ढवळीचा?

(बराच वेळ कुणाचा मेसेज नाही.)

सावंत: हो, मेव्हणा आहे. मी लपवलं नाही, ओळखीचा म्हटलंच होतं. गाडी मित्राला दिली होती, भाड्याने नाही.

रोहन: मित्र दिल्लीचे चार, आणि ताईंना म्हणाले दिवसाचे दोन हजार दिले.

सेक्रेटरी: वैयक्तिक आरोप नकोत. हा सोसायटीचा ग्रुप आहे.

वृंदा नाईक: रोहन म्हणतो ते खरं आहे. त्यांनी मला दोन हजार सांगितले आणि ते पोलिसांना सांगायची त्यांची तयारी आहे. भावोजी, मला तुमच्याशी वाकडं घ्यायचं नाही. पण पोर मागच्या सीटवर होती.

सोमवार

बोरकर: बांबू आले. गेटजवळच पडलेत. पावसात भिजतायत.

रोहन: कॉलेजवरून आलो की उचलतो काका.

देसाई सर: तक्रार नोंदवली. हवालदार जागेवर आले, पंचनामा केला. मी पंच म्हणून सही केली.

प्रभू काका: उत्तम. त्याची प्रत मागून घे वृंदा. आता त्या पांढऱ्या प्लेटचं सांगतो, कारण अर्ध्या गोव्याला हे माहीत असून कुणी बोलत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. त्यामुळे सावंतांच्या मेव्हण्याच्या गाडीचा पुढचा भाग जो गेला, त्याचे पैसे त्याची कंपनी देईल अशी आशा त्याने ठेवू नये. तुझ्या नुकसानीचं वेगळं. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा, सक्तीचा आहे आणि खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतची हमी असते. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, सहा महिन्यांच्या आत. तिथे कंपनी म्हणणार, गाडी भाड्याने दिली होती, आम्ही देणं लागत नाही. न्यायाधिकरण कधी कधी कंपनीला आधी भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. यात वर्षं जातात. म्हणून गाडी दुरुस्त करायची ती आपल्या स्वतःच्या पॉलिसीवर.

वृंदा नाईक: काका, पण माझी चूक नसताना माझाच नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सवलत, जाणार?

प्रभू काका: जाणार. चूक कुणाची हे बोनस बघत नाही, क्लेम घेतला का एवढंच बघतो. बोनस वाचवणारं वेगळं कव्हर घेतलेलं असेल तरच राहतो. तुझी गाडी साडेचार वर्षांची, आज बोनस ४५ टक्के, क्लेम नसता तर पुढच्या वर्षी ५०. समज, स्वतःच्या गाडीच्या विम्याचा हप्ता सवलतीआधी ९,००० आहे. पुढच्या वर्षी ४,५०० भरायचे ते पूर्ण ९,००० भरावे लागतील. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के सवलत, मग २५, ३५, ४५. पुन्हा ५० वर पोचेपर्यंत एकूण ११,२५० जास्त जातात, हप्ता तोच धरला तर. म्हणून नुसता ओरखडा असेल तर क्लेम घेऊ नये. इथे घ्यावा.

वृंदा नाईक: गॅरेजचं एस्टिमेट आलं. बंपर ९,०००, टेललाइट ६,०००, डिकीचं दार १८,०००, मागचा पत्रा ५,०००, मजुरी १०,०००, रंग १२,०००. एकूण ६०,०००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नाही. रिन्यूअलच्या वेळी एजंटने त्याचं नावच काढलं नव्हतं.

प्रभू काका: मग घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, कापतात. प्लॅस्टिकवर ५० टक्के, म्हणजे बंपरचे ४,५०० आणि टेललाइटचे ३,००० मिळतील. पत्र्यावर वयाप्रमाणे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के कपात, म्हणजे दाराचे ११,७०० आणि पत्र्याचे ३,२५०. मजुरीवर घसारा नाही. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याचा अर्धा कापतात, म्हणजे १०,५००. बेरीज ४२,९५०. त्यातून सक्तीची वजावट १,०००. हातात ४१,९५०. तुझ्या खिशातून १८,०५०.

शांता मावशी: म्हणजे हळू केलेल्या गाडीला दुसऱ्याने ठोकलं आणि हिने १८ हजार भरायचे? हा कसला न्याय?

सावंत: मेव्हण्याशी बोललो. तो म्हणतो १० हजार देतो, पोलिसातली तक्रार मागे घ्या.

वृंदा नाईक: नाही.

सावंत: पोरगी नातं तोडायला निघाली आहे.

डॉ. केणी: सावंत, कालपासून वाचतोय. तिची मान कशी आहे हे तुम्ही एकदाही विचारलेलं नाही.

वृंदा नाईक: भावोजी, मी ६० हजार मागत नाही. ४१,९५० माझी विमा कंपनी देईल, ते ती त्यांच्याकडून वसूल करेल की नाही तो तिचा प्रश्न. विमा जे देत नाही ते १८,०५० त्यांनी द्यावेत. बोनसचं नुकसान मी सोडते. तक्रार सोडणार नाही. ती गाडी पुन्हा भाड्याने जाणार आणि पुढच्या वेळी समोर स्कूटरवर कुणी असेल.

बोरकर: हे बरोबर बोलली. आणि स्कूटरवाल्याला कुणी विचारत नाही, ते मी अनुभवलंय.

देसाई सर: पंचनाम्याची प्रत मिळेपर्यंत पैशाचं काही बोलू नये.

प्रभू काका: देसाई, ते झालं आता. वृंदा, पैसे घेतलेस तर खात्यावरच घे. कागदावर एवढंच लिही: ‘विम्यातून न मिळालेल्या रकमेपोटी १८,०५० रुपये मिळाले. विमा कंपनीचे वसुलीचे हक्क अबाधित.’ आणि हे पैसे मिळाले असं आपल्या कंपनीलाही कळव. तेच नुकसान दोनदा मागितलं असा संशय यायला नको.

बुधवार

वृंदा नाईक: सर्व्हेअर येऊन गेले. गॅरेजवाला सकाळीच बंपर काढायला निघाला होता, मी थांबवलं. सर्व्हेअरनी आधी फोटो घेतले, मग त्यांच्यासमोर उघडलं. डिकीचा तळही चेपला आहे, त्याचं वाढीव एस्टिमेट ४,०००, पत्र्याचं. तेही मंजूर केलं.

प्रभू काका: त्यावरही ३५ टक्के कपात. म्हणजे तुझा वाटा १,४०० ने वाढून १९,४५० झाला. सावंत, नोंद घ्या. आणि वृंदा, जुने सुटे भाग गॅरेजला लगेच टाकून द्यायला देऊ नकोस. अंतिम तपासणीला सर्व्हेअर ते मागू शकतात.

रोहन: काका, कंपनीने मध्येच कमी पैसे मंजूर केले तर?

प्रभू काका: सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागायची. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. लोक तिथपर्यंत जातच नाहीत, दोन फोन करून थकतात आणि देतील ते घेतात. चाळीस वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून मी हे पाहिलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

सावंत: १९,४५० चालेल म्हणाला. आज संध्याकाळी खात्यावर पाठवतो. वृंदा, मान कशी आहे?

वृंदा नाईक: बरी आहे भावोजी. इस्पितळात तपासून घेतली, पट्टा नाही लागला. विचारलंत, बरं वाटलं. देव बरें करूं.

सेक्रेटरी: विषय संपला असल्यास सर्वांचे आभार. मंडपाची वर्गणी १२ फ्लॅटची बाकी आहे.

बोरकर: स्कूटरचे पैसे मिळाले की वर्गणी देतो.

सेक्रेटरी: बोरकर, दोन्हींचा काही संबंध नाही.

प्रभू काका: संबंध नाही, पण सेक्रेटरी, गेटला सोसायटीचा विमा आहे का ते आज फाईलमध्ये बघाच. बोरकरांचं म्हणणं मला पटतं.

सेक्रेटरी: बघतो.

वृंदा नाईक: गॅरेजवाला म्हणतो कामगार गावी जाणार, गाडी चवथीनंतरच मिळेल. माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणायला कुणाची गाडी बाजारात जाणार आहे का?

रोहन: आमची पिकअप जातेय ताई. शुक्रवारी पहाटे साडेपाचला खाली या. ज्यांना नारळ, सुपाऱ्या, कवंडाळं आणायची त्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत यादी टाका, सगळ्यांचं एकदमच आणू.

शांता मावशी: माझी दोन केळीची पानं धर रे. आणि सावंता, तुझंही सामान त्याच पिकअपमध्ये घाल.