शिबिरात बाईंनी गप्प बसायचं म्हणजे नेमकं किती?

शाळेची_घंटा (धागाकर्ती)

नववी-दहावीच्या मुलांचं सहा दिवसांचं नेतृत्व शिबिर आटोपून परवा घरी आले. आवाज बसलाय, नाक सोलवटलंय, पण ती तक्रार नाही. एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

जागा नाशिकजवळ त्र्यंबक रस्त्याला, अंजनेरी डोंगराच्या पायथ्याशी, सुट्टीमुळे रिकामं असलेलं एक वसतिगृह. आम्ही पाच शिक्षक, प्रत्येकाकडे नऊ-दहा मुलांचा गट. पहिल्याच संध्याकाळी आयोजकांनी आम्हाला बजावलं होतं: निर्णय गटाचा, शिक्षक गप्प. जिवावर बेतत असेल तरच तोंड उघडायचं.

तिसऱ्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या अंजनेरीच्या चढाईचं ठरवायचं होतं. गटप्रमुख म्हणाला, "आज उशिरापर्यंत गप्पा, उद्या आठला निघू." हात वर झाले. एक मुलगी हळूच म्हणाली, "ऊन लागेल ना पण." कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. मी पिशवीत ओआरएसची पाकिटं आहेत ना तेवढं चाचपलं आणि गप्प बसले.

निघता निघता साडेआठ झाले. पायऱ्यांच्या घळीत बरं होतं, पठारावर पोचलो तर डोक्यावर नुसती भट्टी. दुसरीच एक मुलगी चालता चालता थांबली, सॅक खाली टाकली आणि बसली. ओठ पांढरे. मग उलटी. एकाने धावत जाऊन अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं. तेव्हा मात्र मी ओरडले, "अरे, ते लिटरभर पाण्यासाठी असतं!" पुन्हा घळीच्या सावलीत आणलं, मानेवर ओली ओढणी ठेवली, पाऊण तास बसलो आणि देवीचं दर्शन न घेताच उतरलो. दुपारी तिने दोनदा खिचडी घेतली, म्हणजे तब्येतीचं निभावलं.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मॅडम, मग तुम्ही तिथे कशाला होतात?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा.

पंचवटीचा_पालक

त्या वडिलांच्या जागी मी असतो तर आवाज चढवलाच असता. नाशिक थंड हवेचं, हे आजोबांच्या काळातलं झालं. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो इथे. आठला निघणं चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी गप्प बसलात. याला मार्गदर्शन म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतला रिक्षावाला काका बरा, तो निदान "खाली बघ रे" म्हणून ओरडतो.

अकरावी_ब

पूर्ण असहमत. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. प्रवेशाच्या वेळी समोर मुलगा बसलेला असतो आणि बोलतो त्याचा बाप. "त्याला सायन्सच घ्यायचंय." त्याला विचारलं की तो बापाकडे बघतो. सोळा वर्षांत एकही चुकीचा निर्णय स्वतःच्या हाताने न घेतलेली ही पोरं. तुमच्या गटाला एका उलटीच्या बदल्यात जे कळलं ते स्वस्तात पडलं. पाचला निघायचं असतं हे ती आता जन्मभर विसरणार नाहीत. तुम्ही सांगितलं असतं तर जांभया देत पाचला उठली असती आणि उतरल्यावर विसरली असती.

पंचवटीचा_पालक

स्वस्तात कोणाला पडलं? निर्णय गटप्रमुखाचा आणि उलटी दुसरीलाच! ज्याने चूक केली त्याला किंमत मोजावी लागली असती तर तुमचं म्हणणं एक वेळ मानलं असतं.

शाळेची_घंटा

हे मात्र खरं आहे. तो गटप्रमुख ठणठणीत होता. उतरताना तिची सॅक त्याने घेतली, पण रात्रीच्या बैठकीत चकार शब्द बोलला नाही.

हुतात्मा_नगरी

याच शहरात विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आणि आपण सोळा वर्षांच्या पोरांनी किती वाजता उठायचं यावर चर्चा करतोय!

तिखट_तर्री

काका, त्यांच्या नावाचं मैदान आहे आणि त्यावर आपण क्रिकेट खेळतो. वैशाखात पाणी किती न्यायचं, एवढाच विषय आहे. विषयावर या.

जुना_पथकनायक

३० वर्षं स्काउट पथक चालवलं, त्या अनुभवावर दोन शब्द. आयोजकांनी सांगितलेला नियम मोडूनतोडून आमच्याकडूनच उचललेला दिसतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर २० मुलं नेली, त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला मुलांमधलाच एक नायक दिला. कारभार मुलांच्या हाती, ही कल्पना तिथली. पण म्हणून मोठी माणसं तोंडाला कुलूप लावून बसली नव्हती. संघनायक तयार करावा लागतो. नुसती शिट्टी गळ्यात घालून तो होत नाही.

आमच्या लहानपणी गोदेवर पोहायला शिकवत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पाण्यात ढकलून देत. पण ढकलणारा काका स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभा असायचा, काठावर पेपर वाचत नाही.

बाई, तुम्ही "पाचला निघा" म्हणायची गरज नव्हती. आदल्या रात्री एवढंच विचारायचं: "दहा वाजता आपण कुठे असू? तिथे सावली आहे का? माणशी पाणी किती?" निर्णय त्यांचाच राहिला असता. पठारावर झाड नाही ही माहिती त्यांच्याकडे नव्हती, तुमच्याकडे होती. माहिती दडवून ठेवून घ्यायला लावलेला निर्णय हा कसला निर्णय?

अकरावी_ब

सर, आदर ठेवून सांगतो, असले प्रश्न म्हणजे आडवळणाने हुकूमच. "सावली आहे का?" असं बाईंनी विचारलं की पोरांना लगेच कळतं बाईंना काय हवंय. मान डोलावतात. वर्गात रोज हेच चालतं.

बाराखडी_१६

मी सोळा वर्षांची आहे, मागच्या उन्हाळ्यात अशाच एका शिबिराला गेले होते. मोठ्यांना एक सांगायचंय. तुम्ही गप्प असलात तरी आम्ही तुमचा चेहरा वाचत असतो. आमचे सर काही बोलायचे नाहीत, पण आम्ही चुकीचं ठरवलं की घड्याळाकडे बघायचे. मग आम्ही निर्णय बदलायचो. चार दिवस तेच चाललं. शेवटी आम्ही काय ठरवायचं ते सोडून सर घड्याळ बघतायत का तेवढंच बघायला लागलो.

आणि हात वर करून मत घेणं बंद करा, प्लीज. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे बघून सगळे हात वर करतात. चिठ्ठ्या टाका. त्या "ऊन लागेल ना पण" म्हणणाऱ्या मुलीचं मत मोजलं गेलं असतं. अजून एक. आमच्याकडे सहाही गटांत गटप्रमुख मुलगाच होता. मुलगी उपप्रमुख, म्हणजे भाकऱ्या मोजणारी.

तिखट_तर्री

या धाग्यावरची सर्वात शहाणी व्यक्ती सोळा वर्षांची निघाली. मोठ्यांनो, घड्याळं काढून ठेवा.

स्टेथो

बालरोगतज्ज्ञ म्हणून एवढंच. या वयाची मुलं चक्कर येतेय असं गटासमोर कबूल करत नाहीत, लाज वाटते. ती बसेपर्यंत थांबू नका, अर्ध्या तासाने सगळ्यांना थांबवून पाणी प्यायला लावा. उलटी, घेरी इथपर्यंत सावली, ओलं फडकं आणि ओआरएस ठीक. पण अंग भाजत असेल आणि मूल असंबद्ध बोलायला लागलं तर अंग भिजवत, वारा घालत थेट दवाखाना गाठायचा. तिथे गटाचं मत घेत बसायचं नसतं. ओआरएसच्या पाण्याबाबत बाईंनी तोंड उघडलं ते बरोबरच, घट्ट द्रावणाने उलट्या वाढू शकतात.

खडू_फळा

सगळे बाईंना शहाणपण शिकवताय म्हणून लिहिते. जनगणना आणि निवडणूक ही कामं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही आमच्या मानेवरून उतरवलेली नाहीत. त्यातून उरलेली सुट्टी हिने लोकांच्या मुलांसाठी डोंगरावर घालवली, मानधन बहुधा जाण्या-येण्याच्या पेट्रोलइतकं. संमतीपत्रावर सही पालकांची, नियम आयोजकांचा आणि फोन मात्र बाईंना. त्या वडिलांनी आयोजकांना फोन केला का? विचारा.

शाळेची_घंटा

नाही केला. पण त्यांचा राग नाही मला.

पथकनायक सर, माहिती दडवल्याचं तुमचं बोलणं लागलं, कारण तेच झालं. मी गप्प होते ते नियमाच्या आड. पाकिटं चाचपली याचा अर्थ काय होणार हे मला आदल्या रात्रीच माहीत होतं. "अकरावी ब" यांचाही मुद्दा पटतो, मुलं मान डोलावतातच. तरी दडवण्यापेक्षा डोलावलेली मान परवडली. पुढच्या वेळी रात्रीच एका कागदावर लिहून देईन: पठारावर सावली नाही, पाणी मिळेल असं धरू नका, माणशी दोन लिटर न्या, माकडं पिशव्या ओढतात. मग बाहेर जाऊन बसेन. चेहरा दिसायला नको. चिठ्ठ्यांचं आयोजकांना आजच कळवते.

पंचवटीचा_पालक

कागद ठीक, चिठ्ठ्या ठीक. पण मे महिन्यातच अंजनेरी कशाला? दिवाळीच्या सुट्टीत घ्या की शिबिर.

खडू_फळा

दिवाळीत क्लासवाले पोरं सोडतात होय? तुमच्या मुलाचा क्लास सोडतो का?

पंचवटीचा_पालक

नाही सोडत.