मदत हवी आहे: मालवणच्या प्रवाळांजवळचे प्रवाह किनाऱ्यावरच्या रडारने मोजता येतील का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पाला विषय घेतलाय तो एच.एफ. (उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरींच्या) रडारने समुद्राचे पृष्ठप्रवाह मोजण्याचा. पोवळ्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत जातात, म्हणून मला हे मोजमाप फार मोलाचं वाटतं. शिवाय पावसाळ्यात होड्या बंद असल्या तरी रडार चालू राहतं.

तत्त्व समजलंय. रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या लाटांवरून प्रतिध्वनी जोरात येतो. 5 मेगाहर्ट्झला 30 मीटरच्या, 25 ला 6 मीटरच्या लाटा. खोल पाण्यात अशा लाटेचा वेग ठरलेला असतो, डॉप्लरमध्ये (म्हणजे परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतल्या बदलात) त्याहून वेगळं जे दिसेल तो प्रवाह. एका रडारला फक्त जवळ येणारा किंवा लांब जाणारा घटक कळतो, म्हणून जोडी लागते.

अडलंय ते उथळ पाण्यापाशी. 5 मेगाहर्ट्झला मोजमापाचा एक चौकोन (ज्यासाठी प्रवाहाचा एकच आकडा मिळतो तेवढा भाग) काही किलोमीटरचा, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची सगळी प्रवाळं गडप होतील. म्हणून 25 घ्यावं म्हटलं, तर 6 मीटरच्या लाटेला निदान 3 मीटर खोली हवी. दीड मीटर पाण्यात तिचा वेग सुमारे 4 टक्क्यांनी घटतो, म्हणजे सेकंदाला 13 सेंटिमीटर. प्रवाहच तेवढा असला तर काय मोजलं म्हणायचं? त्यात भरती-ओहोटीने खोली सतत बदलणार आणि खडकांवर फुटणाऱ्या लाटा प्रतिध्वनीच्या वर्णपटातलं (वारंवारतांच्या आलेखातलं) शिखर पसरट करणार.

ऑस्ट्रेलियात टॅनम सँड्स आणि लेडी इलियट बेटावर अशी जोडी होती, पण तिथले प्रवाळद्वीप मुख्य किनाऱ्यापासून बरेच दूर आहेत.

दुसरा पर्याय आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर, माथ्यावर साधारण 20 मीटर पाणी, म्हणजे 5 मेगाहर्ट्झला पुरेसं. विजयदुर्ग-मालवण जोडी धरली तर दोन किरणांमधला कोन 30 अंशांच्याही आत येतो, म्हणजे प्रवाहाची दिशा नीट काढायला फार कमी. रत्नागिरी-मालवण धरली तर 50 च्या आसपास. कागदावर तरी हे जमतंय. पण माझा जीव मालवणात अडकलाय.

उथळ चौकोनांसाठी खोलीचा नकाशा आणि भरतीची पातळी घालून लाटेचा वेग दुरुस्त केलेला कुणी पाहिलाय का? की तेवढे चौकोन सोडून तिथे तरंगते बोये टाकावेत आणि रडार बाहेरच्या पाण्यापुरतं ठेवावं? गुजरात किंवा तमिळनाडूच्या रडारची आकडेवारी हाताळलेलं कुणी इथे असेल तर किनाऱ्यालगतचे चौकोन तुम्ही कसे गाळता तेही सांगा.