मदत हवी आहे: आठवड्याची सुट्टी कायद्यानं मिळाली का मालकांनी दिली? (गुरुवारच्या आत सांगा)

प्रेसशॉप_भोसरी
नमस्कार मंडळी. शीर्षकात लिहिलंय तेच विचारायचंय. एका ठिकाणी १८९० सापडतं, दुसरीकडे १८९१ आणि एका फॉरवर्डमध्ये थेट १८८१. तिन्ही बरोबर कसे असतील? मला दहा मिनिटं बोलायचंय आणि चुकीचं बोललो तर माणसं परत ऐकणार नाहीत. कृपया लिंका टाकू नका, वाचत बसायला वेळ नाहीये, सरळ सांगा.

एमपीएससी_पुन्हा
कुठली सुट्टी? शाळेची, बँकेची का कारखान्याची? कारखान्याची म्हणत असशील तर १८८१ डोक्यातून काढ. तो पहिला फॅक्टरी ॲक्ट, व्हाइसरॉय रिपनच्या काळातला, आणि तो मुलांपुरता होता. ७ ते १२ वयाच्या पोरांना ९ तास काम आणि महिन्याला ४ सुट्ट्या. मोठ्या माणसांना त्यात सुट्टी नाही.

सातवा_मजला
सुट्टीच्या दिवशी बोलावत असतील तर ओव्हरटाइम डबल रेटनं मागा. आमच्याकडे दोन वर्षं सिंगल देत होते, पगाराच्या स्लिपा जपून ठेवल्या होत्या म्हणून फरक मिळाला. पीएफ पण चेक करा, यूएएन ॲक्टिव्ह आहे ना?

प्रेसशॉप_भोसरी
पीएफचा प्रश्न नाहीये हो दादा. कारखान्याचीच सुट्टी. १८९० का १८९१ तेवढं सांगा कुणीतरी.

वाचणारी_काकू
दोन्ही बरोबर आहेत रे, पण नुसती सालं सांगून तुझं काम व्हायचं नाही. सुरुवात १८८४ पासून कर. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, सत्यशोधक होते, जोतीरावांच्या माणसांतले. त्यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या बघ: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. सहा वर्षं ते मागेच लागलेले. मग २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही बोलल्या त्या सभेत. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. हे झालं तुझं १८९०. पण तो मुंबईतल्या गिरण्यांपुरता शब्द होता. १८९१ च्या कायद्यानं ती सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती सगळीकडच्या कारखान्यांना लागू केली.

पेठेतला
काकू, हे अर्धं चित्र झालं. फॅक्टरी कायदे विलायत सरकारनं कळवळ्यानं केले नाहीत, लँकेशायरचे गिरणीवाले मागे लागले होते कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांना नडत होतं. म्हणून तर तेव्हाच्या कित्येक देशी वर्तमानपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. आणि कामगार चळवळ म्हणायची तर १९०८ सांगा, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले.

वाचणारी_काकू
लँकेशायरचा स्वार्थ होताच, मी कुठं नाही म्हटलं? पण साडेपाच हजार सह्या काही लँकेशायरनं केल्या नव्हत्या. आणि १९०८ चा संप फार मोठा, पण तो टिळकांसाठी झाला. हा मुलगा सुट्टीबद्दल विचारतोय.

पेठेतला
राजकीय जागृतीशिवाय मागण्या पुढे जात नाहीत एवढंच माझं म्हणणं.

भांबुर्डेकर
तुमचं दोघांचं चालू द्या, पण यात पुण्याचं कुणी नावच घेत नाहीये. लोखंडे ज्या 'दीनबंधु'त कामगारांची गाऱ्हाणी लिहायचे ते पत्र १८७७ मध्ये पुण्यातच निघालं. कृष्णराव भालेकरांनी काढलं, ते आमच्या भांबुर्ड्याचे, म्हणजे आजचं शिवाजीनगर. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईला नेलं. सत्यशोधक समाज पण इथलाच, २४ सप्टेंबर १८७३. पुण्यातल्या माणसांसमोर बोलायचं तर इथून धरा.

जुना_टर्नर
३१ वर्षं एमआयडीसीत काढली. भाऊ, तू भोसरी लिहिलंयस, आपल्याकडे सुट्टी गुरुवारची, लाइटीमुळे. मग रविवार रविवार काय चाललंय? आणि बोलायचं कुणासमोर, युनियन आहे का? पर्मनंट का काँट्रॅक्ट? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

प्रेसशॉप_भोसरी
काका, माफ करा, घाईत लिहिलं. आमची सुट्टी गुरुवारचीच आहे, म्हणजे होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. मागच्या महिन्यात हजेरीच्या पंचिंग मशीनच्या वर एक कागद चिकटवला, 'पुढील सूचना येईपर्यंत वीकली ऑफ ॲडजस्ट केला जाईल', खाली सही नाही का शिक्का नाही. आज सतरावा दिवस. काँट्रॅक्टची ४० पोरं आहेत, लातूर बीडकडची, काही बिहारची, युनियन नाही. काल सेकंड शिफ्टला एक पोरगा प्रेसच्या दोन्ही बटणांवर हात ठेवून उभ्या उभ्या झोपला होता. मी हाक मारली तर दचकून आधी त्यानं बटणं दाबली, मग डोळे उघडले. हात बटणांवरच होते, मशीनखाली नव्हते म्हणून बरं. सुपरवायझर म्हणतो सुट्टी ही कंपनीची सवलत आहे, देऊ तेव्हा घ्या, आणि पोरांनाही तेच खरं वाटतं. गुरुवारी सकाळी शिफ्टच्या आधी सगळे रूमवर जमणार आहेत. ही सवलत नाही, हे मला त्यांना सांगायचंय.

जुना_टर्नर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना रे बाबा. नीट ऐक. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ५२: सुट्टीचा वार बदलता यायचा, पण मधे पूर्ण सुट्टी न देता सलग १० दिवसांच्या वर काम करून घेता येत नव्हतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही आठवड्याला ६ दिवसांच्या वर नाही. तुमचे १७ झाले. त्या कागदाचा फोटो काढ, तारखेसकट, आणि हजेरीचा पण. एकट्यानं साहेबाकडे जाऊ नकोस, चारपाच जण जा, लेखी द्या, पोच घ्या. आमच्या वेळी एकटा गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी गेटवर अडवला होता.

एमपीएससी_पुन्हा
अजून एक बघ. १८९१ च्या कायद्यात बायकांना ११ तास, ९ ते १४ च्या मुलांना ७ तास ठरले, पण पुरुषांच्या तासांवर बंधन १९११ पर्यंत नव्हतंच, आणि तेव्हाही कापड गिरण्यांत १२ तास. आठवड्याचे ४८ तास १९४६ च्या दुरुस्तीनं आले.

वाचणारी_काकू
आणि त्या पोरांना हेही सांग की लोखंड्यांच्या मागणीत खंडोबाच्या वाराचाही दाखला होता असं सांगतात. लातूर बीडच्या मुलांना जेजुरी सांगावी लागणार नाही. त्या पोराची झोप झाली का रे आज?

प्रेसशॉप_भोसरी
आज फर्स्ट शिफ्ट होती काकू, आत्ता झोपलाय. फोटो काढला कागदाचा, हजेरीचा उद्या काढतो. गुरुवारी आधी १८८४ च्या त्या पाच मागण्या वाचून दाखवतो, काही जोडत नाही. यातलं आज आपल्याला काय काय मिळतं ते त्यांनाच विचारतो. आमचा पगार २२ तारखेला होतो. बिहारच्या पोरांसाठी कुणी हे हिंदीत करून देईल का, माझं हिंदी बोलण्यापुरतंच आहे.

सातवा_मजला
मी देतो रात्री करून. ओव्हरटाइमचं पण एक वाक्य टाकू का?